वहीत असंल तेच खरं

क्षमावणीच्या दिवशी भांडण उकरून काढावं ते सीताबाईंनीच. जैनांचं दहा दिवसांचं पर्युषण पर्व पार पडलेलं, उपास सुटलेले, सकाळपासून शाहूपुरीतल्या घरी माणसांची रीघ लागलेली. येईल तो हात जोडायचा, वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर उत्तम क्षमा म्हणायचा, लाडू तोंडात टाकून पुढच्या घरी जायचा. सीताबाईही सकाळच्या मोटारीनं कोडोलीहून आल्या. लेकाला, पार्श्वनाथाला, धुतलेलं धोतर नेसवून बरोबर घेऊन आल्या. भावजयीपुढं, प्रभावतीपुढं, रीतसर हात जोडले आणि जोडलेले हात सुटायच्या आत म्हणाल्या, "चला, क्षमा झाली. आता माझी सून कवा देताय ते बोला."

प्रभावतीच्या हातात लाडवांचा डबा होता, तो तसाच राहिला.

वैशाखापासून हे धुमसत होतं. आत्याच्या घरी भाची जायची, ही या लोकांतली जुनी चाल; त्यात सीताबाई ही थोरली, एकुलती बहीण. तिचा भाऊ अण्णासो गुळाचा व्यापारी. बाजारात चार माणसांत त्याचा आवाज चढायचा, पण अक्का समोर आली की त्याला एकदम खोकला यायचा. आताही आला.

"अक्का," खोकून झाल्यावर तो म्हणाला, "राजमती इंटरला हाय. मार्चात परीक्षा. पास झाली तर डाक्टरकीला नंबर लागतोय का बघायचं म्हणतोय."

"डाक्टरकी!" सीताबाईंनी पदर खोचला. "त्येच तर म्हणते मी. कालिजात बेडूक फाडती म्हणं ती! आख्ख्या कोडोलीत बातमी हाय. चातुर्मासात पालेभाजीला हात न लावणारी माणसं आपण, आन आपल्या घरची पोरगी बेडूक फाडती! कोण करून घेणार हिला? मीच घेणार की."

स्वयंपाकघराच्या दारातून राजमतीनं मान बाहेर काढली. अण्णासोची ही लेक अठरा वर्षांची, पण जीभ चाळिशीची. "आत्ती, सकाळी देवळात त्या बेडकांचीबी क्षमा मागितली मी. तिघांची."

पार्श्वनाथ फस्सकन हसला. आईनं वळून बघितल्यावर त्यानं हसू धोतराच्या सोग्यात पुसलं.

खरा घोळ भूपालनं केला. अण्णासोचा हा धाकटा भाऊ आजवर पुतणीच्या बाजूनं होता. कॉलेजचा फॉर्मही त्यानंच सायकलवरून नेऊन दिला होता. तो आता भिंतीला टेकून हळूच म्हणाला, "ह्ये बेडकाचं मला कुणी सांगितलं न्हवतं."

"बघ!" सीताबाईंना जोर चढला. "आनि काय मी नव्यानं मागती व्हय? बारशालाच आप्पांनी शब्द दिलाय. समद्यांदेखत. 'सीता, ही तुझी सून.' भूपाल्या, तू व्हतास का न्हाईस?"

"व्हतो की. पण मी अकरा-बारा वर्साचा." भूपालनं डोकं खाजवलं. "पोरगी तुझ्या मांडीवर व्हती, तू रडत व्हतीस. आनि कोणतरी 'दिली' म्हणालतं. एवढं आठवतंय."

"आप्पाच म्हणालते!"

"अण्णा, तू?" भूपालनं विचारलं.

"मी दुकानात व्हतो," अण्णासो जमिनीकडे बघत म्हणाला.

"पोटच्या पोरीच्या बारशाला?"

"गुळाचा हंगाम व्हता की."

प्रभावतीनं डबा खाली ठेवला. तिला ते बारसं लख्ख आठवत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. मामंजी, म्हणजे आप्पा, आत आले, नातीच्या पायात चांदीचे वाळे घातले, नाक ओढलं आणि बाहेर गेले. शब्दबिब्द काही नाही. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि गेलेल्या माणसाच्या तोंडी काय घालावं याला काही धरबंध राहिला नव्हता. तिला राग आला, अगदी मस्तकात गेला.

"वन्सं," ती म्हणाली, "मामंजी काय बोलले न्हाईत."

"म्हंजे मी खोटं बोलते? आजच्या दिवशी?"

"खोटं कोण म्हणतंय? अठरा वर्सांपूर्वीचं हाय. आठवतं तसंच घडलेलं असतं असं थोडंच हाय."

"आनि तुला आठवतंय ते बरं खरं?"

"मला आठवायचं कारणच न्हाई," प्रभावती म्हणाली. "माझी वही हाय."

"झालं," भूपाल म्हणाला. "तलाठी उठले दप्तर काढायला."

घरात तिला सगळे तलाठीच म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत पातळांच्या खाली एक कोरी वही घेऊन आली होती. बाप मास्तर. त्यानं पोरीला निरोप देताना दागिन्यांचं काही बोलायचं सोडून सांगितलं होतं की, संध्याकाळी देवापुढं बसून दिवसभराच्या चुका आपण मनात आठवतो, त्या तू कागदावर आठव. रोज पाच ओळी. सण असो, सुतक असो. आणि पहिल्यांदा आपलं चुकलं ते लिही. आपल्यालाच बरं दिसेल तेवढं लिहिणार असशील तर दौत मोरीत ओतून टाक.

तिनं ते धरून ठेवलं. लढाईच्या सालात कागद मिळेना तेव्हा सिनेमाच्या जाहिरातींच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. सासूशी वाजलं, लिहिलं. आणि लिहिताना जरा हसूही आलं, कारण कागदावर भांडण भलतंच बारकं दिसतं. अण्णासोच्या पोटात वर्षभर जळजळायचं, औषधं हरली, तेव्हा हिनं महिनाभर तो काय खातो, कधी दुखतं, रोजचं रोज लिहिलं आणि डॉक्टरांपुढं ठेवलं. उपाशीपोटी चार कप चहा! डॉक्टर म्हणाले, अण्णासो, तुमची निम्मी डॉक्टर घरातच आहे. पण यापेक्षा मोठी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. दिवसभर माणसांच्या धबडग्यात आपण कोण होतो हे तिला त्या पाच ओळींत सापडायचं, आणि मग रात्री झोप चांगली लागायची.

त्यामुळं आज ती जरा जास्तच ताठ होती. उठता उठता म्हणाली, "ऐका. वहीत असंल तेच खरं. शब्द दिलेला निघाला, तर मार्गशीर्षात मी माझ्या हातानं पोरीला हळद लावते. न्हाई निघाला, तर वन्सं, ह्यो विषय पुन्हा काढायचा न्हाई. देवळातला भगवंत साक्षीला."

"अगं, आधी वाच तरी," अण्णासो म्हणाला.

"आई!" राजमती दारातून पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्यावर पैज लावतीस?"

"पैज न्हवं गं. मला ठाऊक हाय." प्रभावतीनं तिच्या खांद्यावर थोपटलं. "घाबरू नको."

सीताबाई मांडी घालून पक्क्या बसल्या. "मान्य," त्या म्हणाल्या.

माळ्यावरची ट्रंक पार्श्वनाथानं उतरून दिली. जुन्या लुगड्याच्या काठांनी बांधलेले वह्यांचे गठ्ठे सालवार होते. अडतीस सालची वही निघाली, डाग पडलेली, कोपरे कुरतडलेली. तेवीस जानेवारी, रविवार. प्रभावतीनं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं. पण डोळे जिभेच्या पुढं धावले आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मामंजींनी शब्द दिलेला नव्हता. शब्द तिनं दिला होता.

तिनं पुन्हा वाचलं. अक्षर तिचंच, वळणदार मोडी, बाळंतिणीच्या खाटेवर लिहिल्यानं जरा तिरकं. एकोणीस वर्षांची एक पोरगी तिथं लिहीत होती, आणि आजची प्रभावती तिला सपशेल विसरून गेली होती. इतकी वर्षं वाळे आठवले, नाक ओढलेलं आठवलं; आणि आपल्याच तोंडातून निघालेलं तेवढं गळून गेलं!

"वाच की," सीताबाई म्हणाल्या.

सोप्यात बसलेल्यांत मोडी वाचणारं होतं तरी कोण? राजमती, पार्श्वनाथ नव्या शाळेतले. त्यांना ते नुसतं गिरगटलेलं दिसायचं. भूपालची मोडी परीक्षेपुरती. अण्णासोला यायची, तर त्याचा चष्मा दुकानात. सीताबाईंना अक्षरओळखच नव्हती. मामंजी आले, वाळे घातले, गेले, एवढं म्हटलं की संपलं. ते खोटंही नव्हतं. पानावर ती ओळ होतीच.

राजमती तिच्याकडं बघत होती. त्या पोरीचं कॉलेज, परीक्षा, पुढचं सगळं त्या एका पानावर आलं होतं, आणि आणून ठेवणारी तिची आईच होती. वाचू नको, असं प्रभावतीला आतून कुणीतरी अगदी स्पष्ट म्हणालं. पण आज हिनं एक ओळ गाळली, तर ट्रंकेतल्या बावीस वर्षांच्या वह्यांतली कुठली ओळ उद्या खरी धरायची? तिनं वाचलं.

"'आज बारसं. नाव राजमती. वन्संनी कानात सांगितलं. मामंजींनी वाळे घातले. वन्संची चंपा जाऊन अडीच महिने झाले. माझी पोर बघून त्यांना रडू आवरेना. मला बघवलं नाही. पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, रडू नका, ही तुमचीच, तुमच्या पार्श्वनाथाला दिली. यांना विचारायचं राहिलं, ते चुकलं. कंबर फार दुखते. खीर उरली.'"

बाहेर रस्त्यावरून गुळाची गाडी गेली, तिची चाकं तेवढी वाजली.

"म्हंजे आप्पा न्हवं," अण्णासो हळू म्हणाला. "तू."

"व्हय. मीच." प्रभावतीला लेकीकडं बघवेना. "राजू, माझं चुकलं गं. तवाबी, आनि आताबी."

राजमतीनं दाराची चौकट धरली.

"ऐकलंसा समद्यांनी!" सीताबाईंनी मांडीवर थाप मारायला हात उचलला. "दिली म्हणाली न्हवं? आता मार्गशीर्षात..." हात वरच राहिला. आवाज एकदम खाली आला. "काय वाचलंस गं मघाशी? त्येच्या आदुगर?"

"काय, वन्सं?"

"चंपा म्हणालीस. नाव लिव्हलंयस तिचं?"

"लिहिलंय."

सीताबाई गुडघ्यांवर सरकत पुढं आल्या. "कुटं? दाव."

प्रभावतीनं बोट ठेवलं. सीताबाईंनी त्या अक्षरांकडं बघितलं. वाचता तर येत नव्हतं, पण नजर हलेना. त्यांची चंपा सात महिन्यांची होऊन गेली होती. पार्श्वनाथाला बहीण होती हे त्याला कुणीतरी एकदा सांगितलं होतं तेवढंच. घरात ते नाव अठरा-एकोणीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. घेतलं तर अक्काला त्रास होईल म्हणून घेतलं नव्हतं, आणि अक्काला वाटायचं, सगळे विसरले.

"आनि हाय का तिचं कायबाय?" त्यांनी विचारलं.

"मागच्या सालच्या वहीत असणार. बाळंतपण हितंच झालतं की तुमचं."

"वाच."

प्रभावतीनं सदतीसची वही काढली. पार्श्वनाथ आईजवळ येऊन बसला. राजमतीही चौकट सोडून दोन पावलं पुढं आली.

"'वन्संची चंपा आज पालथी पडली. मामंजींनी साखर वाटली. एवढ्यासाठी कोण साखर वाटतं, असं मी म्हणाले, ते बोलायला नको होतं.'" प्रभावतीनं पान उलटलं. "'चंपाला टोपरं आवडत नाही. घातलं की उपटून फेकते. आज चार वेळा घातलं, चार वेळा फेकलं. भूपालभावजी पाचव्यांदा स्वतःच घालून बसले.'"

"फेकायची!" सीताबाई ओरडल्याच. "फेकायची गं ती! अस्सं धरून!" त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा पदर ओढून दाखवला. त्या हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "मी इसरले व्हते गं. तोंडसुदिक आठवंना झालतं. म्हणलं आई असून असं कसं व्हतंय..."

भूपाल भिंतीपासून सुटून जवळ आला होता. "टोपरं मी घातलंतं व्हय?" तो स्वतःशीच म्हणाला.

दिवाळीचं पान आलं तेव्हा प्रभावती थांबली. "ह्ये नको वन्सं."

"तेबी वाच."

"'कोडोलीहून माणूस आला. चंपा गेली. दोन दिवस ताप होता. गावात डॉक्टर नाही. बैलगाडीतून इकडं आणताना वाटेतच गेली. आज यापुढं काही लिहवत नाही.'"

सीताबाईंनी डोळे मिटून घेतले. मग पदरानं नाक पुसून त्या म्हणाल्या, "फुडचं वाच. बारशाच्या फुडचं. मी किती दिवस ऱ्हायले?"

आता शब्द, पैज कुणाच्या डोक्यात नव्हतं. माणसं गोष्ट ऐकायला बसल्यासारखी बसली होती. प्रभावतीनं पुन्हा अडतीसची वही घेतली. चोवीस तारखेला पोरगी रडली. पंचवीसला वन्संनी डिंकाचे लाडू केले, कडक झाले, मी चांगले झाले म्हणाले, खोटं बोलले. सव्वीसला काही विशेष नाही. मग ती अठ्ठावीसचं पान वाचू लागली.

"'आज वन्सं कोडोलीला गेल्या. जाताना पोरीचा पापा घेतला आणि मला म्हणाल्या, प्रभा, परवा तू पोरगी दिलीस ती माझ्या डोळ्यातलं पाणी बघून दिलीस. रडून मिळवलेली पोर मी घेणार न्हाय. ती मोठी होऊ दे, तिलाच इचारू. तोवर ह्यो शब्द ना तुझा, ना माझा. मी पाया पडले. वन्संएवढं मोठं मन मला नाही.'"

प्रभावतीनं वही मांडीवर ठेवली.

"मी म्हणालते असं?" सीताबाईंनी विचारलं.

"हितं लिहिलंय, वन्सं. तुमच्याच शब्दांत."

"बघू." त्यांनी वही हातात घेतली, न वाचता येणारं पान जवळ धरून, लांब धरून बघितलं. मग भावाकडं वळल्या. "अण्णा, मी एवढी शाणी व्हते व्हय रं?"

"व्हतीस की," अण्णासो म्हणाला, आणि या वेळी त्याला खोकला आला नाही.

"अक्का, तलाठ्याच्या दप्तरावर अपील न्हाई बरं का," भूपाल म्हणाला. तो परत पुतणीच्या बाजूला गेला होता हे सगळ्यांना कळलं.

"गप ए टोपरंवाल्या." सीताबाईंनी वही प्रभावतीच्या मांडीवर ठेवली, पदर सारखा केला आणि राजमतीला हाक मारली. "ये हितं. बस समोर. इचारू म्हणालते तर इचारते. माझ्या पार्श्याशी लगीन करतीस?"

राजमतीनं आईकडं बघितलं नाही, बापाकडंही नाही. "न्हाई, आत्ती."

"बघा! तोंडावर!"

"पार्श्वदादा चांगला हाय. पण मला शिकायचं हाय. आनि मी त्याला लहानपणापासनं दादा म्हणत आलीय."

"आई," पार्श्वनाथ म्हणाला, "मलाबी अजून कुणी इचारलं न्हाई."

"तुला काय इचारायचं?"

"मला बेडकांची भीती वाटती."

सीताबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग सगळेच हसले, सगळ्यांत मोठ्यानं अण्णासो. हसता हसता सीताबाईंनी राजमतीचा हात धरला. बांगड्यांसकट घट्ट.

"डाक्टर हो," त्या म्हणाल्या. "पण झालीस की कोडोलीला ये. सून म्हणून न्हाय गं. तशीच ये. गावात दवाखाना घाल. बैलगाडीत घालून कुणाची पोर हिकडं आणायला नको."

"येते, आत्ती."

"प्रभा, लिव्ह गं ह्ये. न्हाईतर उद्या ही बया इसरंल."

"वैनी, तुमच्या वहीत आता दोन शब्द झाले. एक तुमचा, एक राजूचा," भूपाल म्हणाला.

सूर्य कलायच्या आत जेवणं उरकली. मोटार साडेपाचची होती. निघायच्या आधी सीताबाईंनी हट्टच धरला की आजच्या पाच ओळी आपल्यासमोर लिहायच्या. प्रभावतीनं दौत घेतली, लिहिलं, आणि वाचून दाखवलं. "'आज मी पोरीवर पैज लावली, तिला विचारलं नाही. वाचताना एक ओळ गाळावी असं मनात आलं. गाळली नाही. वन्संनी मला क्षमा केली. राजमती कोडोलीला डॉक्टर होऊन जाईन म्हणाली.'"

"गाळणार व्हतीस?" सीताबाईंनी डोळे मोठे केले.

"मनात आलतं."

"आनि त्येबी लिव्हलंस! येडी हायस." पण त्यांचा हात भावजयीच्या पाठीवर बराच वेळ राहिला. मग त्या म्हणाल्या, "ती चंपाची पानं दे मला फाडून."

"पान फाडायचं न्हाई, वन्सं. बाकी काय मागाल ते देते."

"मी उतरून देते, आत्ती," राजमती म्हणाली. "आई वाचंल, मी बाळबोधीत लिहीन. दसऱ्याला पार्श्वदादाकडं देते."

"दसऱ्यापतोर कशावर काढू?" सीताबाई म्हणाल्या, "मग एक कोरी वही तरी दे."

राजमतीनं कॉलेजची एक नवी वही आणून दिली, शंभर पानी. सीताबाईंनी ती पिशवीत लाडवांच्या पुडक्यावर ठेवली. थांब्यावर मोटार उभी होतीच. त्या खिडकीशी बसल्या, पार्श्वनाथ शेजारी. प्रभावती आणि राजमती खाली उभ्या होत्या. गाडी सुटायला अवकाश होता, तेवढ्यात सीताबाईंनी पिशवीतून वही काढून लेकाच्या मांडीवर टाकली.

"पेन्सील हाय न्हवं तुझ्याकडं? मी सांगते, तू लिव्ह. रोज पाच ओळी."

"हितं? मोटारीत? आई, गाडी हलंल की."

"मग हलायच्या आत लिव्ह."

पार्श्वनाथानं खिशातली पेन्सील काढली, जिभेला लावली. "बरं. आज काय झालं ते सांग."

"आजचं न्हवं. आजचं मामीच्या वहीत हाय." सीताबाईंनी खिडकीतून भावजयीकडं बघितलं, मग लेकाच्या हाताकडं. "लिव्ह. चंपाला टोपरं आवडायचं न्हाई."